चंदरीबाई, ऐनाची साल आणि माझी लोखंडी कढई

आज सकाळी ग्रुपवर ज्यांनी चंदरीबाईला ‘भोंदू’ म्हटलं, त्यांनी ही पोस्ट शेवटपर्यंत वाचावी. मग मला खुशाल अनफ्रेंड करावं.

काल सूर्यमाळला, तिच्या पाड्यावर, ती वारली. आज सकाळी मी ग्रुपवर बातमी टाकली.

दहा मिनिटांत आमच्याच कॉलेजातल्या एका निवृत्त सरांचा मेसेज. “मॅडम, तिची साल तुमच्याच लॅबमध्ये फेल झाली होती ना?” पुढे तीन हसरे चेहरे.

हो सर. फेल झाली होती. कशी झाली, ते ऐका.

मी जव्हारच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. चंदरीबाई पाड्यावर जखमा धुवायची, ऐनाच्या झाडाची साल उकळलेल्या पाण्याने. विळा लागला, कुऱ्हाड लागली, की माणसं तिच्याकडे.

आणि ताप चढला की तीच ओरडायची, “माझ्याकडं काय बसलास? दवाखान्यात जा!”

हा तुमचा भोंदू.

मी तिला वर्गात बोलावलं. ती पानात बांधून साल घेऊन आली. दगडाने काढलेली, दगडाने ठेचलेली.

“याला लोखंड लावायचं नाय,” ती म्हणाली.

पोरं हसली. मीही हसले. कॉन्व्हेंट शाळेत शिकलेलं हसू, ओठ मिटून.

मोठा बीकर फुटलेला होता. मी घरची लोखंडी कढई आणली आणि साल तिच्यात उकळली.

पाणी काळंकुट्ट झालं. मला वाटलं, वा, काय स्ट्राँग अर्क!

कागदाच्या चकत्या त्यात बुडवून जंतूंच्या थाळीत ठेवल्या. अर्क चालला तर चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो, तिथे जंतू वाढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोल नव्हता.

“निगेटिव्ह,” मी भर वर्गात म्हटलं. फळ्यावर लिहिलंसुद्धा.

निकाल बघायला आलेली चंदरीबाई दाराशी उकिडवी बसली होती. म्हणाली, “साल कशात उकळलीस?”

“लोखंडी कढईत. त्याचा काय संबंध?”

“मग तू शाई शिजवलीस, म्याडम. औषध नाय.”

आणि उठून गेली.

पुढच्या वर्षी मी टॅनिनची, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्याची, टेस्ट शिकवत होते. सालीच्या अर्कात लोहाच्या क्षाराचा थेंब टाका, रंग निळा-काळा होतो. वीस वर्षं शिकवत होते मी हे.

थेंब पडला, रंग बदलला, आणि माझा खडू हातातच राहिला.

ऐनाच्या सालीत टॅनिन ठासून भरलेलं. जंतूंना अडवतं ते बरंचसं तेच. आणि मी ते कढईतल्या लोखंडाला बांधून टाकलं होतं.

मी मातीच्या मडक्यात पुन्हा उकळलं. जंतू तेच, थाळी नवी.

चकतीभोवती गोल आला. स्वच्छ, बांगडीएवढा नाही, पण टिकलीहून चांगला मोठा.

थाळीतला गोल म्हणजे औषध सिद्ध झालं असं नव्हे, हे मला कुणी शिकवू नये. पण ‘फेल’ तर नक्कीच नव्हे.

फोटो घेऊन मी सूर्यमाळला गेले. तिने तो उलटा धरून पाहिला.

“मला म्हाईत हाय. पोरांना सांगलंस?”

“ती बॅच पास होऊन गेली.”

“मग दुसऱ्यांना सांग.”

“सांगते.”

नाही सांगितलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला चूक कबूल करायलाही शिकवलं होतं. माझ्या पदरात फक्त इंग्रजी पडलं.

त्यानंतर जव्हारच्या बाजारात भेटली की चार लोकांत हाक मारायची, “म्याडम, सांगलंस का गं?” मी भाजी निवडत बसायचे.

मी गप्प राहिले, म्हणून आज तुमच्या हाती ते हसरे चेहरे आले, सर.

तर लिहून घ्या. माझे विद्यार्थी इथे बरेच आहेत, त्यांनीही घ्या. ती टेस्ट चुकीची होती. चूक माझी होती. चंदरीबाईने आधीच बजावलं होतं. फळ्यावरचं ‘निगेटिव्ह’ मी आज पुसलं.

ज्यांना हसायचं त्यांनी आता माझ्यावर हसावं.

चंदरीबाई, सांगितलं गं. चार लोकांत सांगितलं.

उशीर झाला. नमस्कार घे, बाई.