दादाचं अस्तर

आमचा दादा बावीस वर्षं मेंढ्यांची आतडी खरवडत होता. हे ऐकून लोक नाक मुरडतात तेव्हा माझं डोकं फिरतं, कारण हीच माणसं मिटक्या मारत सॉसेज खातात. त्यावरचं पातळ आवरण म्हणजे आतडंच. ते आमच्या खोलीत तयार व्हायचं. दादा खरवडायचा आणि दोन टेबलं सोडून मी ते मिठात घालून जुड्या बांधायचे.

कत्तलखान्याची आणि आमची भिंत एकच होती. तिच्यातल्या चौकोनी झरोक्यातून आतडी टबात येऊन आदळायची, अजून गरम, वाफाळणारी. दादा ती पिळून घाण काढायचा आणि पाण्यात भिजत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी फळीवर ताणून बोथट पात्यानं दाबून ओढायचा. आतला थर लगदा होऊन निघायचा आणि गटारात जायचा. मागे राहायची ती पांढरी, चिवट नळी. तिच्यात नळाचं पाणी भरून वर धरायची. कुठे थेंब फुटला की तिथे सुरी चालवायची. दादाच्या मालातून थेंब फुटल्याचं मला आठवत नाही. आतल्या थराला तो शेंबूड म्हणायचा. शेंबूड गेला की खरं आतडं उरतं, हे त्याचं सगळ्यांना सांगून झालेलं होतं.

दादाचा राग मात्र कायम नाकावर. एकदा मुकादमानं त्याला ताजा माल तसाच खरवडायला सांगितला. ताज्या आतड्याचा थर सुटत नाही, धरून बसतो. जोर केला तर आतडं फाटतं, पण थर हटत नाही. दादानं हे दोनदा नीट सांगितलं. मुकादम त्याला कामचुकार म्हणाला. दादानं ओल्या आतड्यांची जुडी उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. दोन दात पडले. मुकादमानं हातातला आकडा दादाच्या दंडात खुपसला. मी मधे पडले तर मलाही एक कोपर बसलं. फरशीवर कोणतं रक्त माणसाचं नि कोणतं मेंढीचं, हे सांगणं कठीण होतं. सात टाके पडले आणि चौथ्या दिवशी दोघं पुन्हा शेजारी शेजारी उभे राहून काम करत होते.

असा माणूस पोटाच्या दुखण्याला भीक घालणार होता थोडाच. दिवसातून दहा-बारा वेळा संडासला पळायचा, रक्त पडायचं, आणि हा कोणाशी अवाक्षर बोलला नाही. वहिनीला कपडे धुताना कळलं. ती बोलायला गेली तर त्यानं ताट भिंतीवर भिरकावलं. शेवटी मी आणि वहिनीनं त्याला जवळजवळ दोन्ही दंडांना धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून मोठं आतडं आतून पाहिलं. पडद्यावरचं चित्र मीही पाहिलं. सगळीकडे लालभडक, ओरबाडल्यासारखं, मधूनमधून रक्त. बाई समजावून सांगत होत्या. आतड्याला आतून पेशींचं अस्तर असतं, एकच पेशी जाड. या पेशी एकमेकींना घट्ट धरून उभ्या असतात. त्यांच्यातल्याच काही जणी चिकट द्रव सोडतात, म्हणजे घाण आणि जंतू अंगाला भिडत नाहीत. दर चार-पाच दिवसांनी जुन्या झडतात आणि नव्या येतात. दादाच्या पेशींनी एकमेकींचे हात सोडले होते. फटीतून जंतू आत घुसत होते, आतलं संरक्षक दळ खवळत होतं, आणि त्या मारामारीत पहिला मार खात होत्या याच पेशी. त्या मेल्या की फट आणखी रुंद होत होती. आधी काय बिघडलं, पेशी की दळ, हे त्यांनाही ठामपणे सांगता येत नव्हतं. अस्तर भरून आलं तर आतडं वाचेल, नाहीतर ते फाटेल आणि मग जिवावर बेतेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दादा सगळं ऐकून हसला. म्हणाला, "बाई, तो थर आम्ही रोज गटारात टाकतो. त्याच्यावाचून आतडं जास्त टिकतं."

बाईंनी विचारलं, "तुमच्या त्या आतड्यातून घाण वाहते का?"

"नाही. मांस भरतात."

"तुमच्यातून वाहते," बाई म्हणाल्या आणि गोळ्या लिहायला लागल्या. रक्त थांबलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, अस्तर भरायला वेळ लागतो, हे त्यांनी तीन वेळा बजावलं. दादानं मान हलवली. त्याच्या मान हलवण्यावर विश्वास ठेवला, हा माझा गाढवपणा.

दोन महिन्यांत रक्त थांबलं. दादा पुन्हा शीळ घालत पातं ओढायला लागला. एका दुपारी गटाराची जाळी तुंबली म्हणून मी हात घातला, तर लगद्यातून गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. एक नाही, सहा. भरलेल्या.

मी त्या तशाच त्याच्या फळीवर आपटल्या. तो थंडपणे म्हणाला, की शेंबूड निघून गेलाय, आता आत फक्त खरं आतडं उरलंय, म्हणूनच रक्त थांबलं. बावीस वर्षं हे काम करतोय, त्याला आतडं शिकवायचं नाही.

मी दादाच्या थोबाडीत मारली. सहा वर्षांनी मोठा माझा भाऊ, लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरलेला. त्यानं मला दोन्ही हातांनी असं ढकललं, की मी मिठाच्या पोत्यांवर जाऊन आदळले आणि कपाळ फुटलं. मीठ जखमेत गेलं. मी ओरडले, "मर मग!" आजही तो शब्द आठवला की स्वतःची जीभ हासडावीशी वाटते.

बरोबर तीन आठवड्यांनी, सकाळी, पातं ओढता ओढता दादा मोडून पडला. आधी त्यानं पोट धरलं, मग फळीची कड धरली, मग फळीच त्याच्याबरोबर खाली आली. आतडी, पाणी, पातं, सगळं त्याच्या अंगावर. पोट लाकडासारखं टणक झालेलं. तो किंचाळत नव्हता, दात विचकून गुरगुरत होता. मुकादमानंच, ज्याचे दोन दात त्यानं पाडले होते त्यानंच, त्याला पाठीवर घेतलं आणि गाडीपर्यंत धावत नेलं.

आतडं फाटलं होतं. पाच तास शस्त्रक्रिया चालली. मग एका नर्सनं दारातून हाक मारली आणि स्टीलच्या ट्रेवरचं कापड बाजूला केलं. नातेवाइकांना दाखवायची त्यांची पद्धत होती. वहिनीनं तोंड फिरवलं. मी पाहिलं. एवढी वर्षं आतडी हाताळलेली मी, मला कोणी सांगायची गरज नव्हती. उभं चिरलेलं दादाचं अख्खं मोठं आतडं. अस्तराची दोन-चार फाटकी बेटं, बाकी सगळं सोलवटलेलं. आणि एका जागी बोट जाईल एवढं भोक.

शुद्धीवर आल्यावर दादानं पहिलं तेच विचारलं. "पाणी भरलं असतं तर टिकलं असतं का?"

त्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलावं, असं क्षणभर मनात आलं. पण मालाबद्दल मी दादाशी कधी खोटं बोलले नव्हते. मी म्हणाले, "थेंब नाही दादा. धार लागली असती."

त्यानं डोळे मिटले. मी त्याच्या पायाशी बसून रडले आणि त्या शब्दाची माफी मागितली. त्यानं पायानंच मला हळूच ढोसलं.

आता दादाच्या पोटावर उजवीकडे लहान आतड्याचं टोक बाहेर काढून, आतली बाजू वर येईल असं उलटवून शिवलेलं आहे आणि त्यावर पिशवी. पिशवी बदलायला नर्सनं शिकवलं ते मला; दादा तेव्हा तोंड फिरवून पडून राहायचा. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यानं स्वतः बदलायला घेतली. मी पाणी आणि मऊ कापड घेऊन बसले होते. पिशवी निघाली आणि ते टोक उघडं पडलं. लाल, ओलं, आपोआप आकसणारं, पुन्हा सैल होणारं. वर चिकट द्रवाचा पातळ थर. बावीस वर्षांत दादानं आतड्याचं जिवंत, धडधाकट अस्तर पहिल्यांदाच पाहिलं.

आणि त्याच्या हातानं सवयीचं काम केलं. अंगठा टेकवून, दाबून, त्यानं तो चिकटा ओढला. त्याला कळायच्या आत कडेला रक्ताचे बारीक थेंब उभे राहिले.

मी त्याचं मनगट पकडलं. वाटलं, आता झटकून देईल. पण त्याच्या हातात काही जोरच नव्हता. तो त्या थेंबांकडे बघत राहिला. नर्सनं सांगितलं होतं तसं मी ओलं कापड नुसतं टेकवून धरलं, आणि थोड्या वेळात रक्त थांबलं.

"कापड मला दे," दादा म्हणाला.

ते त्यानं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं आणि दात पाडणाऱ्या त्याच हातानं कडेकडेनं टिपायला लागला. मधेच थांबून त्यानं विचारलं, "असं चालेल ना गं? लागत तर नाही ना त्याला?"