पळत्या विमानाची खंडेनवमी

...आणि त्याचा हात आपोआप खटक्याकडं गेला. खट्! पडदा काळा.

काल इथवर आलो आणि सूनबाईनं जेवायला हाक मारली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागं जातो, गोष्टीचं काही बिघडत नाही.

समाधान हा केजकडचा, बीड जिल्ह्यातला गडी. चाकणला कंपन्या वाढत होत्या त्या दिवसांत पत्र्याची पेटी घेऊन आला, कंपनीच्या प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यात, लागला आणि आमच्या रस्त्याकडच्या गाळ्यामागं खोली घेऊन राहिला. पुढच्या गाळ्यात माझा चुलतभाऊ मारुतराव याचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. मारुतरावाला म्हशीतलं सगळं कळायचं, मशीनमधलं काही नाही. एकदा पडद्यावर मुंग्या दिसायला लागल्या तर त्यानं रॉकेलचा बोळा फिरवला होता. म्हणून कंपनीतनं सुटल्यावर समाधाननं मशिनी बघायच्या आणि त्याबदल्यात फुकट खेळायचं, असं ठरलं.

तिथं एक अवकाशातल्या विमानाचा गेम होता. नाव इंग्रजीत लांबलचक. आमच्याकडं सगळे ‘पळतं विमान’ म्हणायचे. विमान उजवीकडं निघालेलं, आभाळ आपलं आपण मागं सरकतंय. परत फिरायची सोय नाही. वाटेत चमकते मणी येतात, ते उचलले की एकेक हत्यार चढतं. पण कशाला नुसतं घासलं तरी सगळी हत्यारं गेली. घोड्यावरचा नवरदेव पुन्हा लंगोटीवर! जपानातल्या कुठल्याशा कंपनीनं हे काढलं. पहिल्या भागात नुसत्या चांदण्या होत्या. दुसऱ्यात आगीचे डोंगर आले आणि शेवटाला एक भलं मोठं डोळेवालं जनावर. मारुतरावाकडं हा दुसरा भाग होता.

प्रेस शॉपचा सुपरवायझर रविराज चाकणचाच, तोंडानं तिखट. तो म्हणायचा, “दुसरा भाग एका नाण्यात संपवणारा अजून जन्माला यायचाय. संपवलास ना समाधान, तर सगळ्या प्रेस शॉपदेखत तुला रामराम घालीन.”

समाधाननं तो संपवला. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. तेव्हा पार्लरमध्ये तो आणि एक झोपलेलं कुत्रं. जास्त गुणवाल्यांची यादी पडद्यावर येते, तिच्यात सगळ्यात वर त्यानं आपली तीन अक्षरं टाकली, एस, एम, डी, आणि रविराजला निरोप धाडला, सकाळी या, डोळ्यानं बघा. वीज गेली की नाव पुसतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणून मशीन तसंच चालू ठेवलं. वीज गेली नाही, हाच त्या काळात चमत्कार.

पण सकाळ उजाडली ती खंडेनवमीची. त्या दिवशी मशीन बंद ठेवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि दिवसभर त्याच्याकडनं काम घ्यायचं नाही. कंपनीत इतकी वर्षं हेच केलेलं. समाधान आंघोळ करून आला, खांद्यावर फडकं, हातात ताट. डोक्याला माहीत होतं की बंद करायचं नाही. हाताला माहीत होतं की आज बंदच करायचं. हात आधी पोचला.

पाठोपाठ रविराज चार-पाच गडी घेऊन हजर. मशीन परत चालू केलं, तर वर त्या जपानी कंपनीनं आधीच भरून दिलेली नावं.

“कुठाय तुझं नाव?”

“व्हतं.”

“व्हतं? माझ्या पणजोबाच्या दारात हत्ती व्हता, लेका!”

झालं. त्या दिवसापासून समाधानचा ‘व्हतंभाऊ’ झाला. पगाराच्या रांगेत व्हतंभाऊ, कँटीनमध्ये व्हतंभाऊ. समाधान डबा एका कडेला बसून खायला लागला.

पुढं विमानाचा तिसरा भाग आला, त्यात जोडीनं खेळता यायचं. त्याच सुमारास समाधानचं लग्न झालं, म्हणून आम्ही तेवढ्यावरही हसून घेतलं. चौथा भाग घरच्या टीव्हीला जोडायच्या डब्यात आला, पोरं घरीच बसायला लागली, मारुतरावानं पार्लर मोडलं आणि पुन्हा म्हशी घेतल्या. मग त्या जपानी कंपनीनं विमान काढायचंच सोडलं. बरीच वर्षं काही नाही. आणि मग लहानपणी ज्यांनी ते खेळलं होतं, त्यांनीच मोठेपणी कॉम्प्युटरवर नवा भाग बनवला, आता तर तो मोबाइलवरही आलाय. हे मला समाधानच्या पोरीनं, करिष्मानं सांगितलं. ती हिंजवडीजवळ माणला कंपनीत आहे, तिथं गेमच बनवतात. चाकणजवळच मेदनकरवाडीत त्यांचं आता दोन खोल्यांचं घर आहे. करिष्मा इंजिनिअर झाली तेव्हा पेढे वाटताना कुणीतरी म्हणालं, “व्हतंभाऊची पोरगी ना ही?” त्या दिवशी मी पहिल्यांदा समाधानचं तोंड उतरलेलं पाहिलं. स्वतःचं त्यानं सोसलं होतं.

तर गेल्या खंडेनवमीला करिष्माच्या कंपनीनं पळत्या विमानाचे सगळे भाग एका ओळीत मांडले. दुसऱ्या भागाचं मशीन कुदळवाडीच्या भंगारातनं शोधून आणलेलं. करिष्मानं बापाला नेलं, मला नेलं, आणि मुद्दाम रविराजलाही नेलं. रविराज आता रिटायर, साखर झालेली, पण जीभ तशीच.

“व्हतंभाऊ, डोळं हायत का अजून?”

“हायत की. तुमच्यासारखी कडू माणसंबी दिसतेत.”

“मग संपव. आणि फोटोबिटो नको बरं का. ही पोरं कसलाबी फोटो बनवत्यात. मी सोता बघणार, तरच खरं.”

समाधाननं हँडल धरलं. पहिल्यांदा जरा चाचपडला, पण नाणं वाया घालवलं नाही. आगीचे डोंगर आले. माझ्यासारख्याला काय कळतंय, पण मी आपला प्रत्येक गोळीला मान वाकवत होतो. तिकडं ऑफिसची पूजा सुरू झालेली. तेजस्विनी नावाची पोरगी ताट घेऊन ओळीनं येत होती; एकेक मशीन बंद, हळदकुंकू, हार. पहिला भाग झाला, तिसरा झाला, लॅपटॉपसुद्धा झाले. राहिलं फक्त समाधानचं.

“काका, झालं का? गुरुजींना पुढं हिंजवडीत तीन कंपन्या आहेत.”

“आलं, आलं पोरी, जनावर आलंय.”

रविराज मागं उभा राहून चुळबुळ करत होता. साखरेच्या माणसाला किती थांबवणार? “आलोच,” म्हणाला आणि बाथरूमकडं पळाला. आणि नेमकं तेव्हाच जनावराचा डोळा फुटला, सगळा पडदा पांढरा झाला. करिष्मा ओरडली. मी टोपी उडवली, ती कुठं पडली अजून सापडली नाही. समाधाननं सावकाश तीन अक्षरं टाकली. एस, एम, डी. सगळ्यात वर.

तेजस्विनीनं हळदीचं बोट मशीनला टेकवलं, दुसरा हात प्लगकडं नेला आणि म्हणाली, “छान, काका! करू आता बंद?”

मी पाहत होतो. समाधानचा हातसुद्धा निम्म्या वाटेवर गेला होता. तो त्यानं दुसऱ्या हातानं धरला.

“थांब माय. आज मशीनला सुट्टी द्यायचीच हाय, मी कुठं नाय म्हन्तो? पर आदी त्या रविराजला बाथरूममधून बोलव. सुट्टी मंजूर कराया सुपरवायझर लागतो.”