मिठाशिवायचं स्वयंपाकघर

"मिठाची बरणी मी बाहेर ठेवली होती. ती परत आत आली कशी?"

"पायानं तर चालत नाही आली. मी ठेवली."

"पण काहून? आम्ही भेडाघाटला गेलो की तुम्ही कुलूप उघडून आत शिरता?"

"कुलूप माझंच आहे, बाई."

"सहा दिवस आमचं आहे, काकू!"

"अन् उंबऱ्याबाहेर जमिनीवर मीठ ठेवून दिलं, ते बरं होतं? काय खोट दिसली माझ्या मिठात? तोंड होतं ना सांगायला!"

लतिकानं बरणी गळ्याशी धरली होती, चोरी करताना सापडलेलं मांजर धरावं तशी. समोर भानुमतीकाकू, कमरेवर हात. आणि मागच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर लतिकाचे वडील, रत्नाकरराव, तोंडासमोर पेपर धरून. गेली दहा मिनिटं त्यांनी पान उलटलं नव्हतं.

भानुमतीकाकू लग्न करून वर्ध्याहून जबलपुरात आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. नवरा फॅक्टरीत फिटर होता. तो गेला, मुलगा हैदराबादला गेला आणि फोनवर "मम्मी, आप समझती नहीं हो" करू लागला, तेव्हा नेपियर टाउनमधल्या घराच्या मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर त्यांनी प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. नागपूरचे, पुण्याचे लोक येत. बाहेरचं तेलकट नको, आपलं वरणभात शिजवून खाऊ, म्हणणारे. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी काकू तिथलं सामान भरून ठेवत. आधी मीठ, मग हळद, त्यानंतर तांदूळ, तूरडाळ, कणीक, पोहे, साखर, चहा, तेल. हा क्रम चुकायचा नाही. नव्या क्वार्टरमध्ये सासूनं पहिल्यांदा मीठच आत नेलं होतं, आणि ज्या घरात मीठ नाही तिथं चूल पेटवायची नाही हे काकूंच्या हाडात बसलं होतं.

दुसरी एक गोष्ट त्यांच्या हाडात होती, ती मात्र सासूनं शिकवलेली नव्हती. पाहुणे फिरायला गेले की काकू दुसऱ्या चावीनं आत जात आणि एकेका डब्याचं झाकण काढून पाहत. हात लावत नसत. नुसतं पाहत. डाळ तशीच आणि साखर संपलेली, म्हणजे नवराबायको बोलत नाहीत, चहावर दिवस काढून राहिले. तेल एका दिवसात अर्धं, म्हणजे लपवून दोन माणसं जास्त आणली. एकदा नर्मदा परिक्रमेची मंडळी जाताना डबे आधीपेक्षा जास्त भरून गेली. त्यांचा तर काकूंना सगळ्यांत जास्त संशय आला. नेणाऱ्याचं समजतं, पण भरून जाणाऱ्याच्या मनात काय असेल? तो तांदूळ त्यांनी दोनदा चाळला.

लतिकानं पहिल्याच सकाळी मिठाची बरणी दाराबाहेर काढून ठेवली, एक शब्द न बोलता. काकूंनी ती दुपारी परत फडताळात, मोठ्या डब्यांमागे ठेवली. आणि रोज झाकण काढून पाहू लागल्या. सोमवारी बरणी गळ्यापर्यंत होती. बुधवारी दोन बोटं खाली.

अच्छा! म्हणजे बाहेर काढायचं नाटक, आणि आतून वापरणं चालू.

त्यातच मंगळवारी दुपारी लतिका आंघोळीला गेली असताना रत्नाकरराव काकूंच्या पुढच्या दारात येऊन उभे राहिले. "ताई, घोटभर ताक असलं तर..." ताक पिऊन डोळे मिटले. "किती दिवसांनी जिभेला चव आली. लेक अळणी घालते मला." बस, काकूंचं गणित जुळलं. स्वतःपुरतं मिठाचं शिजवते, बापाला अळणी. सही हवी असेल कशावर तरी. सुनांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. ही तर पोटची लेक!

तेच आता बाहेर पडलं. "म्हाताऱ्या माणसाला असं छळून राहिली तू? बापाला बेचव घालायचं अन् स्वतः—"

"मी? मीसुद्धा तेच खाते!" लतिकाचा आवाज चिरकला. "बाबांचं हृदय अशक्त आहे. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. गेल्या वेळी सूज आली तेव्हा अकरा दिवस भरती होते, पाणी छातीत चढलं होतं. अन् इथे येऊन चार दिवसांत पाय परत फुगले! मी चिमूटभर घालत नाही, मग पोटात जातं कुठून? तुम्ही आमच्या वरणात घालता, काकू. चावी तुमच्याकडेच आहे."

"दुसऱ्याच्या शिजल्या भांड्यात हात घालीन मी?"

"झाकणं तर उघडता! रोज तिरकी बसलेली दिसतात मला."

काकूंनी कमरेवरचे हात खाली घेतले. मग हळूच म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"बाबांनीच शपथ घातली. म्हणे, मी फिरायला आलो, पेशंट म्हणून नाही. माझी पहिली नोकरी या गावात झाली, इथं कोणाला सांगायचं नाही."

काकूंनी पदरानं ओठ पुसले. "तीन दुपारी ताक दिलं मी त्यांना. मीठ घालून. काल लिंबाचं लोणचंही."

"काकू!"

"मला काय माहीत, बाप्पा! ते म्हणाले लेक अळणी घालते. का घालते, ते नाही बोलले."

"पण ताकात तुमच्या घरचं मीठ," लतिका बरणीकडे बघत म्हणाली. "मग हे कोणी संपवलं? मी नाही. तुम्ही?"

"देवाशपथ नाही."

दोघींनी एकदमच व्हरांड्याकडे पाहिलं. पेपर किंचित हलला. बंडीच्या खिशातून वर्तमानपत्राच्या तुकड्याची एक पुडी डोकावत होती, आणि खिशाच्या काठाला पांढरे कण चिकटले होते.

लतिका जाऊन खाली बसली. वडिलांच्या घोट्यावर तिनं अंगठा दाबला. अंगठा काढला, खळगा तसाच राहिला.

"बाबा, मी रागावत नाही. डॉक्टरांना आत्ता फोन करते. ते पहिलं हेच विचारतील. रोज किती खाल्लं? ताटात घेत होता की नुसतंच?"

रत्नाकररावांनी पेपरची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"दादा, सांगून टाका ना," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "मलाही फसवलं तुम्ही. लेकीबद्दल काय काय मनात आणलं मी. तिला तरी खरं सांगा. किती?"

ते उठले. चपलेत पाय घातला. सुजलेला पाय पट्ट्याखाली जाईना. टाच बाहेर ठेवून, चप्पल फरफटत ते व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले. लतिका "बाबा!" म्हणाली. त्यांनी फाटक उघडलं आणि ऑटोंच्या गर्दीत, मागे न पाहता, चालू लागले.