ह्यांचं वजन उतरवताना

पंचवटीत आमचं उपाध्येपण होतं. गावोगावचे यजमान गंगेवर यायचे, त्यांची श्राद्धं, पिंडदानं हे सांगायचे. लग्न झालं तेव्हा हे काही लठ्ठ नव्हते. पण चाळिशी गाठेपर्यंत अंग असं सुटलं, की एका चैत्रातल्या सकाळी पिंडदान आटोपल्यावर ह्यांना पाटावरून उठताच येईना. गुडघे आखडले. दोन यजमानांनी दोन हात धरले, तिसऱ्याने मागून रेटलं, तेव्हा कुठे उभे राहिले. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यातली एक आमच्याच आळीतली, त्यामुळे हे घरी पोचायच्या आधी हकीकत पोचली.

मी ह्यांना मेन रोडवरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी गुडघे दाबले, छाती तपासली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "औषध देतो, पण औषधाने काही होणार नाही. वजन उतरलं पाहिजे. भात, तूप, गोडधोड बंद. बाई, तुम्ही आठवड्याचं जेवण आधी ठरवून ठेवा. ऐन वेळी विचारलंत तर हे काय सांगतील ते मला दिसतंय."

वजन किती, ते आधी कळायला हवं. वाटेत लाकडाची वखार होती. तिथल्या मोठ्या काट्याच्या पारड्यात हे मांडी घालून बसले. अडीच मण आणि वर दोन शेर. वखारवाला म्हणाला, "गुरुजी, सागवान असतं तर लय पैसे झाले असते तुमचे." हे हसले. मला काही हसू आलं नाही.

मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. मुलीची पाटी घेतली आणि सात वार लिहून काढले. बाजरीची भाकरी, मेथी, मुगाचं वरण, ताक. दिसायला अगदी सोपं. मग लक्षात आलं, की सोमवारी ह्यांचा उपास. शनिवारी उपास. शिवाय दोन एकादश्या आणि संकष्टी. बाहेरच्या माणसाला वाटेल, इतके उपास करणारा माणूस काडीसारखा असेल. पण आमच्याकडचा उपास म्हणजे तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर केळ्याची शिकरण.

"उपासाला नुसतं दूध घ्या," मी म्हटलं.

"अगं, पित्त होतं."

"मग उपास सोडा."

हे ऐकलं मात्र, आणि माजघरातून सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मुलाने मुंज झाल्यापासून सोमवार सोडलेला नाही. तुझ्या पाटीसाठी सोडायचा का?"

पाटी पुसली, पुन्हा लिहिली. उपासाला राजगिऱ्याची भाकरी आणि दही. सासूबाईंनी ते वाचून घेतलं, आणि दुपारी वाढायला बसल्या तेव्हा दह्यात साखर घातली, भाकरीला लोणी लावलं. मी बघितलं तर म्हणाल्या, "कोरडी भाकरी घशात अडकते." चाळीस वर्षांच्या मुलाच्या घशाची काळजी त्यांना होती. गुडघ्यांची नव्हती.

दोन स्वयंपाक करणार नाही, एवढं मात्र मी ठणकावून सांगितलं. जे ह्यांच्या ताटात तेच माझ्या ताटात. मुलांना आणि सासूबाईंना तेवढा भात टाकायचा. असे पाच आठवडे गेले. रोज रात्री पाटीसमोर बसून मी उद्याचा विचार करत असे. शेवग्याचा पाला, माठ, दोडका, दुधी, पुन्हा माठ. भाजीवाल्या बाईने एकदा विचारलं, घरात कोणी आजारी आहे का. हे मात्र मुकाट्याने जेवत. एकदाही कुरकुर नाही. मला वाटलं, माणूस खरंच सुधारला, श्राद्धाच्या पंगतीतही नावापुरतंच खात असेल. उलट मलाच वाईट वाटायचं आणि एखाद्या दिवशी भाकरीवर तुपाचं एक बोट जास्त फिरवायची.

सहाव्या आठवड्यात पुन्हा वखारीत गेलो. अडीच मण आणि वर पाच शेर.

मी वखारवाल्याला पुन्हा तोलायला लावलं. त्याने काटा झाडला, वजनं तपासली, पुन्हा तेच. हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "वाताने असेल." इकडे माझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे जायला लागल्या होत्या. आळीतल्या बायका विचारायच्या, सासू खायला देत नाही का. ते सासूबाईंच्या कानावर गेलं आणि त्या माझ्यावरच चिडल्या. दुसऱ्या दिवसापासून माझ्या भाकरीवरही लोणी आलं.

खरं काय ते कळलं आणखी आठ दिवसांनी. कळवणकडचं एक कुटुंब सासऱ्याच्या श्राद्धाला आलं होतं. त्यांचा स्वयंपाक शेजारच्या धर्मशाळेत एक स्वयंपाकीणबाई करत. निघण्यापूर्वी त्या घरची सून मला नारळ द्यायला आली. ओसरीवर टेकली आणि समाधानाने म्हणाली, "बाई, गुरुजी लय खुशीनं जेवले बगा. सोळा लाडू! मी मोजले ना. आमचा सासरा पण असाच खाणारा व्हता. त्याचा आत्मा शांत झाला."

मी तिच्या हातावर साखर ठेवली, कुंकू लावलं, तिला दारापर्यंत पोचवलं. मग मागच्या अंगणात जाऊन थोडा वेळ उभी राहिले, कारण हे घरात होते आणि मी काय बोलले असते याचा मला भरवसा नव्हता.

श्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी हे माझ्यासमोर बसून अर्धी भाकरी आणि दोडक्याची भाजी खाऊन उठले होते. वर म्हणाले होते, "आज भूकच नाही."

"सोळा लाडू," मी आत येऊन म्हटलं.

ह्यांनी पंचांग मिटलं. "श्राद्धाचं जेवण मी कुठे जेवतो? ते पितर जेवतात."

"मग पितरांना सांगा, वखारीत जाऊन बसा काट्यावर."

मग हे हळूच म्हणाले, "तू समजतेस तसं नाही. ती पोर पंगतीत समोर उभी होती. चौथ्या लाडवाला मी हात आडवा केला, तर तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, मामंजी रागावले का? आता तिला काय सांगू, डॉक्टरांनी मना केलंय म्हणून? तीन दिवस बैलगाडीत बसून आली होती ती."

हे खोटं बोलत नव्हते, हे मला माहीत होतं. आणि सोळाच्या सोळा लाडू ह्यांना आवडले होते, हेही माहीत होतं. दोन्ही खरं असल्यामुळे भांडायला जागाच उरली नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. सात आठवडे मी माठ निवडत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी धर्मशाळेत गेले आणि स्वयंपाकीणबाईंना गाठलं. विधवा बाई, हाताला भारी चव. म्हटलं, "तुम्ही ह्यांना वाढूच नका."

"यजमान उभा असतो डोक्यावर. न वाढून कसं चालेल?" त्या बेसन भाजत होत्या. उलथनं कढईच्या कडेवर आपटून झाडलं. मग म्हणाल्या, "पण लाडू मीच वळते. गुरुजींच्या पानात सुपारीएवढे वळून ठेवीन. यजमानाला आकडा हवा असतो हो, आकार कोण बघतंय?"

वडेही त्यांनी तसेच केले, खिरीला लहान वाटी आणली. ह्यांच्या लक्षात पहिल्याच पंगतीला आलं असणार, पण बोलले नाहीत. घरची पाटीही मी बदलली. आमंत्रण असेल त्या दिवशी रात्री घरात फक्त ताक. सासूबाईंना विचारलं नाही, सांगितलं. त्या दोन दिवस माझ्याशी अबोला धरून होत्या, तिसऱ्या दिवशी ताकाला जिरं मीठ त्यांनीच लावलं.

पितृपक्षात सगळं पुन्हा बिघडलं, कारण त्या पंधरवड्यात आमंत्रणं चार घरांची आणि स्वयंपाकिणीही चार. तरी दिवाळी झाल्यावर काट्यावर बसवलं तेव्हा सव्वादोन मण भरले. गुडघ्यावर हात टेकून एकट्याने उठायला लागले.

डॉक्टरांनी स्वतःच्या औषधाची पाठ थोपटली. सासूबाईंनी सोमवारची. आणि हे एके दिवशी ओटीवर बसून दुसऱ्या एका पोट सुटलेल्या उपाध्यांना समजावत होते, "जिभेवर ताबा पाहिजे. बाकी काही लागत नाही." आत मी तांदूळ निवडत होते. ओरडावंसं वाटलं, पण ओटीवर परका माणूस होता. सूप जरा जोरात आपटलं, तेवढंच. हे थांबले, घसा खाकरला आणि पुढे म्हणाले, "आणि घरच्या माणसांचा थोडा हातभार."

थोडा!