बांध जरा तिकडं सरकव

आमच्या घरी कम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासोबत माऊस, की-बोर्ड आणि किस्से आले. माऊस-कीबोर्ड कधीच भंगारात गेले, किस्से मात्र वाढतच चाललेत! आज मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, आणि भावंडं जमली की हमखास कुणीतरी म्हणतं, "ताई, तो सांग ना!"

बाबा वाशिंदला कंपनीत होते. कंपनीने काढून टाकलेला कम्प्युटर ते टेम्पोत घालून शहापूरजवळच्या आमच्या गावी घेऊन आले. हेतू एकच: पोरगी शिकून डीएड करेल, मास्तरीण होईल. पोरीला त्यात सापडलं चित्रं काढायचं पेंट!

*

चित्र 'सेव्ह' करता येतं हे मला कित्येक महिने माहीतच नव्हतं. म्हणून रोज मशीन बंद करायच्या आधी मी ओरडायचे, "चित्र बघायला चला, पुसतेय!" आई भाकरीचं पीठ लागल्या हातांनी धावत यायची.

मग कल्याणच्या मावसभावाने सेव्ह करायला शिकवलं. मी आनंदाने आईला सांगितलं.

"बरं झालं," आई म्हणाली. "आता उद्या बघीन."

त्यानंतर कुणी आलंच नाही!

*

त्या पेंटमध्ये मला आवडणारा हिरवा एकच होता, डोळ्यांत घुसणारा. मी त्यातच भातशेती रंगवली. बाबा म्हणाले, "एवढा युरिया कुनी टाकला?"

आता प्रकाशक फोनवर म्हणतात, "मॅडम, तुमचा तो खास हिरवा हवा."

*

मध्यंतरी एका मुलाखतीत विचारलं, "इतक्या कमी रेषांत चित्र पूर्ण करता, ही शैली कुठून आली?"

"लोडशेडिंग," मी म्हटलं.

सगळे हसले. मी गंमत करत नव्हते हो! लाइट जायच्या आत चित्र संपवायचं असायचं.

*

बारावी झाली. बाबा डीएडचं पक्कं करून आले. मला आर्ट कॉलेजला जायचं होतं आणि बोलायची हिंमत नव्हती. शेवटचा प्रयत्न म्हणून मी आमचं शेत काढलं आणि बाबांना बोलावलं.

बाबांनी चष्मा लावला. स्क्रीनजवळ वाकून बघितलं.

"बांध चुकलाय. जरा तिकडं सरकव."

मी माऊसने बांध उचलला आणि सरकवला. बाबा बघतच राहिले! याच बांधावरून त्यांचं आणि शेजारच्या सदाकाकांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं.

"अजून जरा," बाबा म्हणाले. मग एकदम उठले आणि कुंपणावरून हाक मारली, "ए सदा, इकडं ये!"

सदाकाका चक्रावून आले. स्क्रीन बघून भडकलेच. "ह्ये खोटं हाय! इकडं घे गो पोरी."

"नाय, तिकडं!"

"इकडं!"

आईने दोनदा चहा केला. मी बांध नेतेय, आणतेय. शेवटी एका जागी दोघंही गप्प झाले.

सकाळी दोघं दोरी आणि खुंट घेऊन शेतावर गेले. परतल्यावर सदाकाकांनी आमच्या ओटीवर बसत विचारलं, "पोरगी डीएडला कदी चालली?"

"कसली डीएड?" बाबा म्हणाले. "चित्रंच काढू दे तिला. आपला विहिरीचा वाद बाकी हाय अजून!"