तळण्यासाठी तेल

"थांबा काकू! बटण दाबू नका!"

चपला न काढता मी तशीच स्वयंपाकघरात घुसले. राऊतकाकूंनी मायक्रोवेव्हमध्ये काचेचं भांडं ठेवलं होतं आणि ते तेलाने जवळजवळ भरलेलं होतं. शेजारी ताटलीत उभा चिरलेला कांदा. काकूंचं बोट स्टार्टच्या बटणाजवळ.

"का ओ? पुस्तकात तर असंच लिवलंय," काकू म्हणाल्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मायक्रोवेव्ह विकणाऱ्या एका कंपनीत होम डेमॉन्स्ट्रेटर होते. ओव्हन विकला गेला की गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, तो चालवून दाखवायचा, एक-दोन पदार्थ करून दाखवायचे, हे माझं काम. वसई ते विरार सगळा भाग माझ्याकडे होता. मी राहायला मनवेलपाड्यात. राऊतकाकू आगाशीच्या जुन्या वाडीवाल्या, केळीची आणि फुलांची बाग त्यांची. मुलाने हौसेने आईला ओव्हन घेऊन दिला होता. मी पोचण्याआधीच काकूंनी कामाला सुरुवात केली होती.

त्यांनी कंपनीची नवी मराठी रेसिपी पुस्तिका माझ्यासमोर धरली. मीही ती पहिल्यांदाच पाहत होते. साहित्यात लिहिलं होतं, ‘तळण्यासाठी तेल’. माप नाही. कृतीत, ‘कांदा लाल होईपर्यंत तळा’. इंग्रजी पुस्तिका माझ्या पिशवीत होती. काढून बघितली. तिथे शब्द होता फ्राय.

घोळ सगळा या शब्दाचा. इंग्रजीत कढईभर तेलात पुरी सोडली तरी फ्राय आणि चमचाभर तेलावर कांदा हलवला तरी फ्रायच. वेगळं सांगायचं असेल तर आधी डीप किंवा शॅलो जोडतात, पण पुष्कळदा जोडतच नाहीत. आपल्याकडे कामंही वेगळी आणि शब्दही वेगळे. पुरी आपण तळतो, कांदा परततो. त्यात हॉटेलवाल्यांची आणखी वेगळी तऱ्हा. त्यांचा बोंबील फ्राय तव्यावर होतो, आणि दाल फ्राय म्हणजे शिजलेली डाळ, वर फोडणी.

मायक्रोवेव्हमध्ये चमचाभर तेलात कांदा परतता येतो. भांडंभर तेल मात्र तापवायचं नसतं. तेल किती तापलंय हे त्या यंत्राला कळत नाही, ते तापवतच राहतं. तेल पेट घेऊ शकतं, भांडं तडकू शकतं. इंग्रजी मॅन्युअलमध्ये तशी ताकीद होती. मराठी पुस्तिकेत ती घ्यायची कुणाला सुचली नव्हती.

हे सांगितल्यावर काकू मटकन खुर्चीत बसल्या. "माजी नात आताच हितं उबी होती," त्या म्हणाल्या. मग माझ्यावर डोळे रोखून म्हणाल्या, "मंग छापलं कशाला असं?"

"बदलून घेते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ब्रँच ऑफिसात देसाई साहेबांसमोर उभी राहिले. देसाई साहेब आमचे मॅनेजर.

"मराठी मी स्वतः तपासलंय," ते म्हणाले. "फ्राय म्हणजे तळणे. डिक्शनरी काढून बघा."

"डिक्शनरीत ते बरोबर आहे, साहेब. ओव्हनमध्ये चूक आहे."

"एवढा कॉमन सेन्स बायकांना नसतो?"

"तोच तर वापरला त्यांनी. तळा म्हटल्यावर कुठली बाई चमचाभर तेल घेईल?"

"पुस्तिका छापून झाल्यात. दिवाळीचा सीझन तोंडावर आहे. पुढच्या छपाईला बघू."

"तोपर्यंत मी ही पुस्तिका कुणाला देणार नाही. आणि दिलेल्या आहेत त्यांत दुरुस्ती करून येणार."

"मग तुमचे डेमो दुसरीला देतो."

"द्या."

माझी नोकरी कायमची नव्हती; डेमो नाहीत तर कमाई नाही. तरी मी आगाशीपासून सुरुवात केली. ज्या घरी नवा ओव्हन गेला होता तिथे जायचं, ‘तळा’ खोडायचं, ‘चमचाभर तेलात परता’ असं लिहायचं आणि भांडंभर तेल का नको ते समजावायचं. एका दुकानदाराने तक्रार केली की बाई कंपनीच्या पुस्तकात रेघोट्या मारत फिरतात. साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि सगळ्या स्टाफसमोर झाडायला सुरुवात केली.

मी मध्येच म्हणाले, "सर, एकदा तुम्ही पुस्तिकेप्रमाणे करून दाखवा. मी वाचते."

डेमोचा ओव्हन तिथेच होता, भांडीही होती. मी तेलाचा डबा पुढे केला. साहेब हसत उठले. थोडं तेल ओतून त्यांनी विचारलं, "किती?"

"माप दिलेलं नाही. तळण्यासाठी, एवढंच लिहिलंय."

त्यांनी आणखी ओतलं. भांडं आत ठेवलं, दार लावलं. अकाउंट्सचे जोशी हळूच दोन पावलं मागे सरकले. मी भिंतीवरच्या स्विचवर हात ठेवून उभी होते.

"आता हाय पॉवर. स्टार्ट दाबा, सर."

साहेबांचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"दाबा ना, सर. कॉमन सेन्स आहे."

त्यांनी दार उघडलं, भांडं बाहेर काढलं आणि कुणाकडेही न बघता केबिनमध्ये निघून गेले.

त्याच आठवड्यात पुस्तिका परत मागवल्या गेल्या. दिवाळीच्या आत नवी आली. तिच्यात ‘परता’ होतं, तेलाचं माप होतं आणि पहिल्याच पानावर ताकीद होती. राऊतकाकूंना मी स्वतः नेऊन दिली. कंपनी दिवाळीला प्रदर्शन भरवायची, तिथल्या डेमोंच्या यादीतून मात्र माझं नाव गेलं. बाई डिफिकल्ट आहे, असं साहेबांनी वर कळवल्याचं जोश्यांकडून कळलं. मी ते बदलून घ्यायच्या फंदात पडले नाही.

पुढे दुसऱ्या कंपन्यांचे मराठी मजकूर माझ्याकडे तपासायला येऊ लागले. ते मी टेबलावर बसून तपासत नाही. ओट्यापाशी उभी राहते आणि लिहिलंय तसं करून बघते. डिक्शनरीत शब्द चुकला तर हात भाजत नाही, ओट्यावर चुकला तर भाजतो.