त्वचारोगाच्या बाकावरची मावशी

"नखं बघू."

ओळख ना पाळख, समोरच्याचा हात ओढून घेऊन ती हे दोन शब्द म्हणायची. नांदेडच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते, तिथं त्वचारोग विभागाबाहेर एक लांब लाकडी बाक होता. सकाळपासून त्यावर खाजवणारी माणसं बसलेली असत. तुम्हीही कधीतरी असा बाक पाहिला असेल, आणि जागा रिकामी असूनही समोरच्या भिंतीला टेकून उभे राहिला असाल. मी रोज त्याच्यावरून अंग चोरून जात असे. ती मात्र मधोमध बसायची, हातात आलेली बोटं उलटीपालटी करून बघायची आणि म्हणायची, "ही नखं हायेत का खुरपी? आधी ही काढा. मलम मागनं."

तिचं नाव केसपेपरवर होतं, ते तिथंच राहू दे. मुदखेडची, चाळिशीची बाई. सगळे पेशंट तिला मावशी म्हणत.

पहिल्यांदा आली ती पेशंट म्हणूनच. ड्रेसिंगच्या स्टुलावर पाठमोरी बसली आणि तिनं पोलकं वर केलं. पाठीपासून पोटापर्यंत नागीण उठली होती. गावातल्या कुणीतरी 'नागीण उतरवतो' म्हणून त्यावर गेरू आणि कसलासा पाला वाटून थापला होता. ते सगळं वाळून कडक झालं होतं, खाली पू धरला होता आणि त्यातच धोतराचा एक फडका चिकटून बसला होता. हातापायांवर पुळ्या, खाजवून खाजवून काळ्या पडलेल्या, मधेमधे ताज्या फुटलेल्या. मी फडका भिजवून बोटबोटभर सोडवत होते आणि तोंडानं श्वास घेत होते. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

ती आपली बोलत होती. नवरा चार वर्षांपूर्वी एचआयव्हीनं वारला होता, त्याच्यानंतर हिच्या रक्तातही तो सापडला. भावाच्या घरी राहायची आणि फुलं ओवायला जायची. हातावरच्या पुळ्या बघून फुलवाल्यानं तिला उठवलं. म्हणाला, देवाच्या फुलांना असले हात?

"म्या म्हणलं, दोन वर्सं झाले ह्या पुळ्यांना. देवानं घेतले की माझे गजरे. त्याला काय न्हाई खाजलं."

मग भावजयीचं सांगितलं. "मी उठले की तिथं फिनाईल टाकती. घर निस्तं दवाखान्यावानी वास मारून राहिलंय."

मला त्या न पाहिलेल्या भावजयीची शिसारी आली. ड्रेसिंग झालं, ती गेली. मी दार लोटलं, नवे हातमोजे चढवले आणि स्टूल स्पिरिटनं पुसायला घेतलं. वरून, खालून, पायसुद्धा. पुन्हा एकदा वरून. मागं वळले तर ती दारात उभी. पिशवी विसरली होती.

"पुसा, पुसा," ती म्हणाली. "ती अडाणी, म्हणून फिनाईल. तुमी शिकलेल्या, तुमचं स्पिरीट."

पिशवी घेऊन गेली. स्टूल पुसणं हा नियमच आहे, असं मी स्वतःला बजावलं. पण इतरांनंतर मी एकदाच पुसत असे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या सुरू झाल्या आणि सहा-सात महिन्यांत पुळ्या बसल्या. डाग राहिले. काम तर सुटलंच होतं, मग ती त्या बाकावर येऊन बसायला लागली. एकाच नेलकटरनं सगळ्यांची नखं काढते म्हणून मी तिला झापलं, तर माळेगावच्या जत्रेतून डझनभर नेलकटर घेऊन आली. "ज्याचं त्याला. आता बोला."

अशी दोन वर्षं गेली. एका सकाळी जळकोटकडची एक सून आली, बावीस-तेवीस वर्षांची. सोबत दीर. तिच्याही एचआयव्हीच्या गोळ्या सुरू होऊन पंधराच दिवस झाले होते. अंगभर लालभडक पुरळ, ताप, ओठ सोललेले. रांग लांब होती. दीर म्हणत होता, गोळ्यांची उष्णता आहे, गावात एक जण पाला देतो, त्याच्याकडे नेतो.

मावशीनं सवयीनं तिचा हात धरला आणि लगेच सोडला. "तोंड उघड." आत सगळं सोलवटलेलं. असाच एक माणूस तिनं आधी त्या बाकावर पाहिला होता. तो न थांबता घरी गेला आणि गेलाच. ती उठली, रांग तोडून डॉक्टरांचं दार ढकललं आणि ओरडली, "सायेब, हे खाजंचं न्हाई! ही पोरगी आतून जळून राहिली!"

"तुमी कोन वो मधी बोलनाऱ्या?" दीर अंगावर आला.

"मी तसल्याच गोळ्या खाती. तू काय खातूस?"

त्यातली एक गोळी त्या पोरीला सोसली नव्हती. डॉक्टरांनी तिथल्या तिथं तिला भरती केलं. दोन दिवसांत तिची कातडी सुटायला लागली. कूस बदलली की चादरीला ओला पापुद्रा चिकटून येई. शेजारच्या बाईनं आपली खाट सरकवून घेतली. जेवणाचं ताट आणणारा माणूस ते दारातच ठेवून जाई. दीर चहाला म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, चादरीपेक्षा केळीचं पान बरं, चिकटत नाही. दुसऱ्या दिवशी मावशी अर्धापूरहून पानांचा भारा घेऊन हजर. आम्ही ती पानं उकळत्या पाण्यातून काढायचो, निवली की पोरीच्या अंगाखाली घालायचो.

"बागवाल्यानं इचारलं, घरात पूजा हाय का? म्या खरं सांगितलं. चार पावलं मागं सरला. मग म्हणला, न्या, पर माझ्या बागंचं नाव कुठं घेऊ नका." मावशीला हसू आवरेना. "मानूस चांगलाय हो. रोज देतो. निस्तं लांबून फेकतो."

माझी किळस गेली, असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत मी दोनदा बाथरूममध्ये जाऊन ओकले. दुसऱ्या वेळी बाहेर आले तर ती दाराशी उभी होती. "मला बी येती किळस," हळूच म्हणाली. "येऊ द्यावी. हात थांबू देऊ न्हाई."

अठराव्या दिवशी पोरीची आई येऊन तिला माहेरी घेऊन गेली. कोवळी, गुलाबी कातडी आली होती. गोळी बदलून दिली होती. पोरगी पाया पडायला वाकली तर मावशीनं तिला दंडाला धरून उभं केलं. "पाया नको पडू. गोळी चुकवू नको."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मावशीचा खोकला वाढला. तपासणीला पाठवलं तर टीबी निघाला. एकदा औषध घेऊन गेली, ती पुन्हा बाकावर दिसली नाही. फोन बंद. दोन महिन्यांनी सुट्टी काढून मी मुदखेडला गेले आणि विचारत विचारत तिच्या भावाचं घर गाठलं.

भावजयीनं ओसरीवर सतरंजी टाकली. नीटनेटकी, गोड बोलणारी बाई. "त्या तर गेल्या, सिस्टर. महिना झाला. मागच्या खोलीत ठिवलं होतं त्यानला. लई हाका मारायच्या शेवटाला."

"मग?"

"लेकरंबाळं हायेत घरात. कोन जाईल आत? पानी तेवढं खिडकीतून सरकवायचो." मग समजूत काढल्यासारखी म्हणाली, "समदं जाळलं मागं. गादी, साड्या, फोटो बी. काय म्हणून ठिवलं न्हाई."

तिनं पाण्याचा पेला पुढं केला. पेला लख्ख होता. मला तो हातात धरवेना. मी उठले.

रिक्षात बसत होते तेव्हा ती अनवाणी धावत आली. चेहरा पांढरा पडला होता. "सिस्टर, खरं सांगा, आमच्या लेकरांला तर काय व्हनार न्हाई ना? एकाला सारखा खोकला येऊन राहिलाय."

काय सांगायचं ते मला पाठ होतं. शिवल्यानं एचआयव्ही होत नाही. पण टीबी असू शकतो, उद्याच्या उद्या लेकरांना तपासणीला घेऊन या. आयुष्यभर मी तेच सांगत आले. मावशी असती तर तिथंच पायरीवर बसली असती, लेकरांना जवळ ओढून विचारपूस केली असती आणि दुसऱ्या दिवशी स्वतः त्यांना घेऊन आली असती.

मी रिक्षावाल्याला म्हणाले, "चला."